ओढ्याच्या अलीकडे

(औरंगाबाद, १९६०. गुलमंडीमागच्या गल्लीतली माडीवरची खोली. पितृपक्ष तोंडावर आलेला, दुपार. संस्कृतचे निवृत्त अध्यापक तात्यासाहेब आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेले. खाली चटईवर त्यांची सून आशा. मांडीवर पाट, पाटावर सुटे कागद.)

तात्यासाहेब : लिही. ‘जो गेला, त्याचा शोक करता येतो. जो आहे, त्याची सेवा करता येते. परंतु जो गेला असे म्हणवत नाही आणि आहे असे दाखवता येत नाही, त्याच्या माणसांनी कोणत्या धर्माने वागावे, याविषयी शास्त्र बारा वर्षेपर्यंत मौन पाळते.’ झाले?

आशा : झालं. ‘मौन पाळते’नंतर पूर्णविराम देऊ, की काल दिला होता तसा अर्धविराम?

तात्यासाहेब : काल अर्धविराम दिला होता का?

आशा : काल अर्धविराम, परवा पूर्णविराम. श्रावणात तर सगळं वाक्यच गेलं होतं. नागपंचमीला काढलं, पोळ्याला परत घेतलं.

तात्यासाहेब : पहिल्या वाक्याला घाई करू नये, आशा. जन्मभर मी दुसऱ्यांच्या ग्रंथांवर टीका लिहिली. वर मूळ वाक्य असे, खाली माझे असे. वरच्याने जणू बोट धरलेले असे. आता कादंबरी लिहायला बसलो आणि वर पाहतो, तर तिथे कुणीच नाही.

आशा : वर कुणी नाही, पण खाली मी आहे, मामंजी. पायाला मुंग्या आल्यात.

तात्यासाहेब : मग पाय पसर. आणि कालपर्यंतचे वाच. या मोतीबिंदूपायी मला अक्षरे म्हणजे धुक्यात उभ्या मेंढ्या वाटतात.

आशा : वाचते. ‘तो पिशोरहून निघाला तेव्हा ज्वारीच्या पानांवर दव होते. शाळेला कुलूप लावून किल्ली त्याने शेजारच्या ओसरीवर ठेवली. पोलिस ॲक्शन नुकतीच होऊन गेली होती. मोटारी अजून सुरू झाल्या नव्हत्या. आजोबांची श्राद्धतिथी चुकू नये म्हणून तो औरंगाबादेस घरी यायला पायीच निघाला. वेशीबाहेर रामकिसन पाटलांच्या विहिरीवर तो पाणी प्याला आणि पुढे ओढ्यापाशी येऊन सावलीला बसला.’

तात्यासाहेब : पुढे?

आशा : पुढं काही नाही. दीड वर्षात एवढंच टिकलंय. गाडीवान आणला, तर बैल बुजतील म्हणून काढला. ढग आणला, तर पाऊस येईल म्हणून काढला. ते कुत्रं तर बिचारं लांबूनच भुंकलं होतं, त्यालाही हाकलून दिलं.

तात्यासाहेब : कुत्र्याचा भरवसा नसतो.

आशा : कादंबरीत काहीतरी घडावं लागतं ना पण?

तात्यासाहेब : घडेल. आधी त्याला विसावू दे. ऊन कलले की उठेल.

आशा : गेल्या भाद्रपदातही ऊन कलायचंच होतं. मामंजी, मला जरा तुमच्याशी बोलायचं होतं.

तात्यासाहेब : अवश्य बोल. हे प्रकरण हातावेगळे झाले की बोलू.

आशा : तसंच म्हणत आलो की आपण.

नूरमोहम्मद : शास्त्रीजी! वर येऊ काय? जिना तर चढून झालाय. आता नको म्हणालात तर इथंच पायरीवर बसून राहीन.

तात्यासाहेब : या, पेशकारसाहेब, या. अदालतीची नोकरी सुटली, पण तुमची तीनची वेळ सुटली नाही.

नूरमोहम्मद : नोकरी सरकारची होती, वेळ माझी हाय. ही घ्या सीताफळं, दौलताबादची. आजच दाबून बघू नका, पिकू द्या. काय बेटी, आपले मियाँ कुठवर आले? फुलंब्री दिसली का?

आशा : ओढ्यापाशी बसलेत, चाचा.

नूरमोहम्मद : अजून? या अल्ला! शास्त्रीजी, निजाम गेले. आपण हैदराबादेतून उठून मुंबई राज्यात गेलो. आता महाराष्ट्र बी झाला. आणि आपला गडी हाय तिथंच, ओढ्याच्या अलीकडं!

तात्यासाहेब : राज्ये कागदावर बदलतात, नूरमियाँ. याला पायांनी यायचे आहे.

नूरमोहम्मद : पायांनी यायचं तर पाय उचलावे लागतात. बेटी, चहा टाक बरं. अद्रक जरा सैल हातानं.

आशा : टाकते. पण चाचा, तुम्ही ते...

नूरमोहम्मद : बोलतो, बोलतो. त्याच कामाला आलोय. तू जा आत.

तात्यासाहेब : कोणते काम?

नूरमोहम्मद : शास्त्रीजी, उभा जन्म पेशकार राहिलो. दुसऱ्यांचे मुकदमे पुकारले. आज म्हातारपणी वकील होऊन आलोय. मुवक्किल आत चहा टाकायलीय.

तात्यासाहेब : आशा? तिचे माझ्याशी असे काय वैर आहे, की मध्ये वकील लागावा?

नूरमोहम्मद : वैर असतं तर वकील लागलाच नसता, तिनं तोंडावर सांगितलं असतं. अदब हाय, तीच अडचण झालीय. ऐका. पैठणला एक नानासाहेब म्हणून मास्तर हायेत. गणित शिकवतात. घरवाली गेली, एक लहान पोरगी हाय पाठीमागं. शिक्षकांच्या शिबिरात आशाबेटीची आणि त्यांची ओळख झाली. मागच्या महिन्यात ते माझ्या घरी आले होते. गौहरनं त्यांना जेवू घातलं आणि दुपारभर सवाल केले. आमच्या बेगमच्या सवालात जो टिकला तो माणूस खरा, एवढं तुम्हीही मानाल.

तात्यासाहेब : त्यांचे इथे काय काम?

नूरमोहम्मद : त्यांना आशाशी लगीन करायचंय. आशाच्याही मनात हाय. पण तुम्ही तुमच्या लेकाचं, बद्रीनाथचं, काहीतरी ठरवल्याबिगर ती हो म्हणणार नाय. तो निघाला तो निघालाच. इकडं पोहोचला नाय, तिकडं परत गेला नाय. आणि ही पोरगी ना सधवा, ना विधवा.

तात्यासाहेब : सीताफळांचा वास आला. बहुधा उद्याच पिकतील.

नूरमोहम्मद : पिकतील. त्यांना बी पिकायचं कळतंय. शास्त्रीजी, बारा वर्षं झाली. बारा वर्षं खबर नसली तर पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग घरच्यांना मोकळीक. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. भागूबाईच्या बेपत्ता नवऱ्याचं तुम्हीच करवलंत ना? तिच्या घरच्यांना तुम्ही म्हणालात, आता थांबणं म्हणजे तिच्यावर जुलूम. हा ‘जुलूम’ लफ्ज तुमच्या तोंडून निघाला म्हणून ध्यानात राहिला.

तात्यासाहेब : बारा वर्षे कुठून मोजायची, हा प्रश्न आहे. मनुष्य निघाला त्या दिवसापासून नव्हे. त्याची शेवटची वार्ता कानी आली, त्या दिवसापासून.

नूरमोहम्मद : शेवटची वार्ता म्हणजे रामकिसन पाटील. त्यांच्या विहिरीवर पाणी प्याला, एवढी. ती बी त्याच महिन्यातली.

तात्यासाहेब : त्यानंतर मनमाडच्या स्टेशनवर कुणी पाहिले होते.

नूरमोहम्मद : तो दुसराच निघाला. मी जाऊन आलो होतो.

तात्यासाहेब : परभणीस एका मठात...

नूरमोहम्मद : तिथं बी जाऊन आलो. गोसाव्याला तुमच्या बद्रीचं नाव विचारलं, तर त्यानं मलाच प्रसाद देऊन वाटेला लावलं. शास्त्रीजी, दर अफवेला तुम्ही बारा वर्षं नव्यानं सुरू करता. ह्या हिशेबानं तर कयामतीलाच ती पुरी होतील.

तात्यासाहेब : बरे. मनमाड सोडा, परभणी सोडा. ओढ्यावरच्या सरूबाईचे काय? तिने तर त्याला समोरासमोर पाहिले.

नूरमोहम्मद : कोण सरूबाई?

तात्यासाहेब : शेंगा विकते ती. डोक्याला पंचा गुंडाळलेला, वहाणा काढून हातात घेतलेल्या, असा तो तिच्यापाशी आला. तिने त्याला भाजलेल्या शेंगा दिल्या. तो तिला ‘मावशी’ म्हणाला आणि फोलपटे पंच्यात गोळा केली, इकडेतिकडे टाकली नाहीत. हे त्याचेच वळण. त्याच्या आईने लावलेले. ही वार्ता अगदी अलीकडची आहे, नूरमियाँ. मोजायचे तर तिथून मोजले पाहिजे.

नूरमोहम्मद : आँ? आणि मला कुणी सांगितलं नाय? कोणत्या गावची ही बाई? मी उद्याच्या एस.टी.नं जातो. बेटी! चहा राहू दे, इकडं ये आधी. ही सरूबाई कोण, सांग.

आशा : कोण म्हणालात?

तात्यासाहेब : सांग त्यांना. ओढ्यावरची सरूबाई. तुला ठाऊक आहे.

आशा : मामंजी...

तात्यासाहेब : अगं, सांग ना. तूही होतीस की.

आशा : होते. इथंच बसले होते चटईवर, आणि तुम्ही असेच खुर्चीत. मामंजी, सरूबाई आपण लिहिली. गेल्या आषाढात. शेंगा आधी ओल्या होत्या. मग तुम्ही म्हणालात, भाजलेल्या कर, रिकाम्या पोटी ओल्या बाधतात.

तात्यासाहेब : आपण लिहिली.

आशा : हो. नंतर खोडली. ती बोलकी बाई, त्याला गप्पांत अडकवील आणि तिथी चुकेल, असं तुम्हाला वाटलं.

तात्यासाहेब : खोडलीही.

नूरमोहम्मद : शास्त्रीजी, थोडं पाणी घ्या.

तात्यासाहेब : नको. बसा तुम्ही. तिच्या कपाळावर गोंदण होते, नूरमियाँ. बोलताना ती पदराने तोंडावरच्या माशा वारीत होती. बद्रीला पाहिले म्हणून आजवर जे जे सांगत आले, त्यांपैकी या एकीच्याच शब्दावर माझा विश्वास बसला होता.

आशा : माझाही बसला होता. खोडताना हात उचलत नव्हता माझा.

तात्यासाहेब : म्हणजे ही दीड वर्षे मी ग्रंथ रचीत नव्हतोच. मी वाट पाहत होतो, आणि तुला ती उतरवून घ्यायला बसवीत होतो.

आशा : मला बसायला आवडायचं. खोटं नाही सांगत. शाळा सुटली की पळत यायचे मी. आज कुठवर? असं मनात घोकत जिना चढायचे. रोज ते निघायचे, रोज पाणी प्यायचे, किती जिवंत वाटायचे! वाटायचं, असंच लिहीत राहिलो तर एक दिवस खाली कडी वाजेल. मग एकदा माझ्या लक्षात आलं, की मला आता त्यांचा आवाज आठवत नाही. तुम्ही कागदावर त्यांना जसं बोलायला लावता, तसाच आठवतो. लग्न झालं तेव्हा मी लहान होते, मामंजी. वर्षभराचा संसार, त्यातही ते पिशोरला आणि मी इथं, सासूबाईंजवळ. सुट्टीला आले तर भूगोलाचे नकाशे रंगवत बसायचे. मला एकदा म्हणाले, गोदावरी जरा जपून काढ, तुझ्या हातून ती नेहमी फुटते. त्यांचं मला उद्देशून असलेलं एवढं एकच वाक्य नक्की माझं आहे. बाकीचं सगळं आपलं लिहिलेलं.

तात्यासाहेब : आणि या नानासाहेबांचा आवाज कसा आहे?

आशा : आवाज? चिरका आहे जरा.

नूरमोहम्मद : जरा? बेटी, वकिलासमोर खरं बोलावं. माझ्या घरी ते हसले तर गौहरची कोंबडी अंडं सोडून पळाली.

आशा : वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचतो, चाचा. तेवढा लागतोच.

तात्यासाहेब : त्यांच्यात तू काय पाहिलेस, हे विचारण्याचा अधिकार मला नाही. तरी विचारतो.

आशा : उशीर होणार असेल तर ते कळवतात.

तात्यासाहेब : म्हणजे?

आशा : एवढंच. एकदा भेटायचं ठरलं होतं आणि त्यांची गाडी चुकली. तर पुढच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती निरोप पाठवला, की उशीर होईल, काळजी नसावी. मी स्टँडवर उभी होते. तो कंडक्टर माझं नाव विचारत आला. मामंजी, निरोप ऐकला आणि मला तिथं रडू कोसळलं. लोकांना वाटलं, काहीतरी वाईट बातमी आली.

नूरमोहम्मद : हे मला बी सांगितलं नव्हतंस.

आशा : सांगण्यासारखं काय होतं त्यात?

तात्यासाहेब : होते. पुष्कळ होते. स्त्रीला दुसरा पती कोणत्या संकटांत सांगितला आहे, ते मी विद्यार्थ्यांकडून घोकून घेत असे. अशी पाच संकटे आहेत. ‘मृत’ हा शब्द त्यांत दुसरा येतो. पहिला शब्द आहे ‘नष्ट’. म्हणजे मेला असा नव्हे. ज्याचा ठाव लागत नाही असा. ऋषींनी त्याला मेलेल्याच्याही आधी मांडले. मी तो शब्द शिकवायचो आणि पुढे सरकायचो. आमच्या घरात तो शब्द राहायला येईल, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

आशा : मामंजी, एक विचारू? तो विधी केला, आणि नंतर ते आले तर?

नूरमोहम्मद : मी बी हेच विचारणार होतो. जिवंत माणसाचं काय करता मग तुम्ही?

तात्यासाहेब : त्याचीही व्यवस्था आहे. तो दारी आला तर त्याला एकदम घरात घ्यायचे नाही. घृताने न्हाऊ घालायचे, आणि मग जणू आत्ताच जन्मला आहे अशा रीतीने त्याचे सगळे संस्कार पहिल्यापासून करायचे. जातकर्म करायचे. नाव ठेवायचे. मुंज लावायची.

नूरमोहम्मद : एवढ्या मोठ्या बाप्याची मुंज?

तात्यासाहेब : दाढीमिशांसकट. आणि विवाह पुन्हा करायचा. त्याची पत्नी घरी असेल तर तिच्याशीच पुन्हा.

आशा : आणि नसेल तर?

तात्यासाहेब : तर दुसरीशी. त्यात दोष मानलेला नाही. तो नवा जन्मलेला मनुष्य असतो. मागचे काही त्याच्याकडे मागता येत नाही, आणि त्यालाही कुणाकडे मागता येत नाही. आशा, मला या जागी नेहमी एक वाटते. असा परतलेला कुणीतरी शास्त्रकारांनी पाहिलेला असला पाहिजे. एरव्ही त्यांनी इतकी तजवीज कशाला केली असती? केव्हातरी, कुठल्या तरी गावी, अग्नी देऊन झाल्यावर कुणीतरी खरोखर दारात येऊन उभा राहिला असेल. आणि घरच्यांनी तुपाचे भांडे आणायला धाव घेतली असेल.

आशा : म्हणजे विधी केला तरी त्यांची वाट बंद होत नाही.

तात्यासाहेब : त्याची होत नाही. तुझी मात्र मी बंद करून बसलो होतो.

नूरमोहम्मद : शास्त्रीजी, वकिलाला बोलायला काहीच ठेवत नाय तुम्ही. मी रातभर युक्तिवाद पाठ केला होता.

तात्यासाहेब : वकिली पुरे झाली. आता कामाला लागा. हर्सूलच्या पलीकडे पळस आहेत, तिथे टांगा नेता येईल?

नूरमोहम्मद : टांगा कुठं बी जाईल. विधीला मला बसता यायचं नाय, ते समजतंय मला. पण देठ तोडायला तर कुणाची हरकत नसावी?

तात्यासाहेब : ज्याला लहानपणी खांद्यावर घेऊन तुम्ही पाणचक्कीच्या हौदातले मासे दाखवलेत, त्याचे देठ दुसऱ्या कुणी का तोडावेत? फक्त किडके घेऊ नका. आणि पुष्कळ आणा. तो माझ्याहून उंच होता. आकृती आखूड झाली तर मला चालणार नाही. खांद्यांपाशीही थोडी रुंद हवी.

आशा : मी येईन निवडायला.

तात्यासाहेब : ये. याच पक्षात करू. अमावास्येला पितरांची नावे घेताना मी त्याचे घेईन. पित्याने पुत्राचे नाव त्या पंक्तीत घ्यायचे! जीभ अडखळेल. तू जवळ बस.

आशा : बसेन. मामंजी, आणि हे कागद?

तात्यासाहेब : कागदांचे काय?

आशा : मी पैठणला गेले तर लिहायचं कुणी? नानासाहेब म्हणतात, पुस्तक पुरं होईपर्यंत आपण थांबू.

नूरमोहम्मद : मी त्यांना तेव्हाच म्हटलं, जनाब, पुस्तक पुरं होईपर्यंत तुमच्या लेकीला नातवंडं होतील. पाहिजे तर मी लिहितो, शास्त्रीजी. पण मला उर्दूच लिहिता येतं. माझ्या कागदावर तुमचा गडी उलटा चालत पिशोरला परत जाईल.

तात्यासाहेब : नको, नको. मोठ्या कष्टाने ओढ्यापर्यंत आणला आहे त्याला.

आशा : मी दर रविवारी येत जाईन. सकाळची एस.टी. आहे.

तात्यासाहेब : दर रविवारी नको. तशी आलीस तर तू गेलीसच नाहीस असे होईल. महिन्याने ये. मधल्या दिवसांत मी वाक्ये मनात जुळवून ठेवीन. आमची विद्या सगळी अशीच होती; आधी मुखोद्गत, नंतर कागद. आणि येताना त्या मुलीला आण. गणितात कच्ची असेल तर बरे, तिला गणिताऐवजी श्लोक शिकवीन.

आशा : गणिताच्या मास्तरांची मुलगी आहे ती.

तात्यासाहेब : म्हणूनच म्हणतो, कच्ची असण्याचा संभव आहे.

नूरमोहम्मद : वा! शास्त्रीजी हसले. लिहून ठेव, बेटी, तारीख घाल.

तात्यासाहेब : आशा, इतक्या दिवसांत मी त्याला नाव दिले नाही, हे तुझ्या ध्यानात आले होते का?

आशा : आलं होतं. ‘तो’, ‘तो’ असंच लिहीत आलो आपण.

तात्यासाहेब : मला भय होते. नाव दिले की तो कुणी दुसराच होऊन बसेल. आता त्याने दुसरा व्हावे, हेच बरे. बद्रीला मी या कागदांत अडवून धरले होते. तो सावलीतून उठलाही नाही आणि घरीही आला नाही. आता बद्रीचे जे करायचे ते अग्नीपाशी करू, आणि ओढ्यावर बसला आहे त्याला नवे नाव देऊ. वास्तविक नाव ठेवण्याचा मान आत्याचा. याला आत्या कुठून आणू? तू ठेव.

नूरमोहम्मद : माझ्याकडं पाहू नको, बेटी. मी ठेवीन ते मुख्तार ठेवीन, मग आजोबांच्या श्राद्धाची पंचाईत.

आशा : दिगंबर.

तात्यासाहेब : दिगंबर का?

आशा : आपल्या घराण्यात नाही, माझ्या माहेरी नाही, शाळेच्या हजेरीतही नाही. या नावाचं कुणी माझ्या ओळखीचंच नाही.

तात्यासाहेब : दिगंबर. ठीक. या दिगंबराला कुत्रे चालेल?

आशा : चालेल. तो कुत्र्याला भीत नसेल.

तात्यासाहेब : बद्री भीत असे.

आशा : हो. फार भ्यायचे.

तात्यासाहेब : घे कागद. नवा घे. पहिले वाक्य राहू दे तूर्त. ते मागाहून बघू. लिही. ‘दिगंबर उठला. पलीकडच्या काठावर एक कुत्रे त्याच्याकडे पाहत उभे होते. त्याने धोतर वर खोचले आणि तो पाण्यात उतरला.’

आशा : ‘उतरला.’ पाणी किती आहे, मामंजी?

तात्यासाहेब : ठाऊक नाही.

आशा : आतापर्यंत तर घोट्याएवढं असायचं.

तात्यासाहेब : ते बद्रीसाठी होते. याला उतरल्यावर कळेल, आणि त्याच्यामागून आपल्याला.

नूरमोहम्मद : अल्ला! इतके दिवस नुसता बसला होता, आता माझ्या छातीत धडधड व्हायलीय. बुडणार तर नाय ना हा?

आशा : चाचा, तुमचा चहा उकळून आटला. परत टाकते.

नूरमोहम्मद : आता नको. उजेड हाय तोवर टांगेवाल्याला गाठतो. निघू का, शास्त्रीजी?

तात्यासाहेब : क्षणभर थांबा. तुम्हा दोघांना एकत्र पाहून काही म्हणावेसे वाटते. डोळ्यांना तुम्ही अंधुक दिसता, पण कुठे उभे आहात ते कळते. नूरमियाँ, परक्या लेकराच्या शोधात तुम्ही जितके रस्ते तुडवलेत, तितके सुख तुमच्या आणि गौहरबाईंच्या उंबऱ्यात येवो.

नूरमोहम्मद : परकं कुठलं, शास्त्रीजी?

तात्यासाहेब : खरे. तो शब्द मागे घेतो. आशा, तू वाक.

आशा : ही काय, वाकले.

तात्यासाहेब : पैठणच्या घरात तुझे बोलणे खाली पडू नये. त्या मुलीला तुझी सवय लागो, आणि तुला त्या चिरक्या आवाजाची. या घरातून तू तुटलीस असे कुणी म्हणू नये. तूही म्हणू नकोस. आणि बद्रीनाथा, बाळा, तू ज्या गावी असशील, त्या गावी तुला गाढ झोप लागो.